बाळंतपणाचा निर्णय नेमका कोणाचा?

देशात होणाऱ्या दर पाच प्रसूतींपैकी एकाहून अधिक प्रसूती शस्त्रक्रियेने होत असल्याचे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने (२०१९-२१) नोंदविले. २००५-०६ च्या सर्वेक्षणात हे प्रमाण सुमारे साडेआठ टक्के होते. २०१५-१६ मध्ये ते १७.२ टक्क्यांवर गेले आणि त्यानंतर २१.५ टक्क्यांवर पोहोचले. शहरी भागाचा आकडा ३२.३ टक्के आहे. महाराष्ट्रात चारातील एक (२५.४ टक्के), गोव्यात पाचांतील दोन (३९.५ टक्के), तर तेलंगणात तब्बल ६०.७ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. या सर्व आकड्यांमध्ये सर्वांत बोलका आहे तो रुग्णालयाचा प्रकार सांगणारा आकडा. देशातील सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के असताना खासगी रुग्णालयांत ते ४७.४ टक्के आहे. गुंतागुंतीच्या अनेक प्रसूती जिल्हा रुग्णालये व वैद्यकीय महाविद्यालयांकडेच पाठविल्या जातात, हे लक्षात घेतले तर ही तफावत केवळ वैद्यकीय कारणांनी स्पष्ट होत नाही.

असे आकडे प्रसिद्ध झाले की चर्चेची दोन ठरावीक वळणे ठरलेली असतात. एका बाजूने डॉक्टरांच्या अर्थलोभाकडे बोट दाखविले जाते, तर दुसऱ्या बाजूने ‘आजकालच्या मुलींना कळा सोसवत नाहीत’ असा शेरा मारला जातो. दोन्हींत थोडे तथ्य असेलही. परंतु ज्या स्त्रीच्या पोटावर टाके पडणार आहेत, तिला हा निर्णय केव्हा कळतो, कोणाकडून कळतो आणि त्या क्षणी ‘नाही’ म्हणण्याइतकी माहिती तिच्याजवळ असते काय, हा मूळ प्रश्न त्यात बाजूलाच राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये ब्राझीलमधील फोर्तालेझा येथील बैठकीनंतर १० ते १५ टक्क्यांची मर्यादा सांगितली, ती आजही जपमाळेसारखी उद्‌धृत केली जाते. त्याच संघटनेने २०१५ मध्ये केलेला खुलासा मात्र फारसा कोणी सांगत नाही. लोकसंख्येच्या पातळीवर १० टक्क्यांपुढे सिझेरियन वाढल्याने माता व अर्भकांचे मृत्यू कमी होताना दिसत नाहीत, हे संघटनेने पुन्हा मांडले. पण विशिष्ट आकडा गाठण्याच्या मागे न लागता ज्या स्त्रीला शस्त्रक्रियेची गरज आहे तिला ती मिळावी, असेही स्पष्ट केले. महाराष्ट्रासारख्या राज्यात या दुसऱ्या वाक्याचे मोल मोठे आहे. पुण्या-मुंबईत सिझेरियनच्या अतिरेकाची चर्चा चालू असताना मेळघाट, नंदुरबार व गडचिरोलीच्या दुर्गम पाड्यांवरून अडलेल्या बाळंतिणीला झोळीतून रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. त्या मातेला हवी असते ती वेळेवर मिळणारी शस्त्रक्रिया. राज्यातील माता मृत्यूचे प्रमाण २०१८-२० मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ वर आले, तेव्हा देशाचे प्रमाण ९७ होते. या यशात रुग्णालयातील प्रसूतींचा वाटा निर्विवाद आहे. ‘आमच्या आजीची दहा बाळंतपणे घरीच झाली’ असे कौतुकाने सांगणाऱ्यांनी त्या दहांपैकी किती जगली, हेही सांगावयास हवे.

सातव्या महिन्यात बदलणारे डॉक्टर

शहरी मध्यमवर्गातील गर्भवती स्त्री आज अज्ञानी नाही. सोनोग्राफीचा प्रत्येक अहवाल तिच्या फाइलमध्ये असतो. गर्भसंस्काराच्या वर्गांना पुणे, ठाणे, नाशिकमध्ये गर्दी असते आणि डॉ. बालाजी तांबे यांच्या ग्रंथाने तर घरोघरी स्थान मिळविले आहे. आहार, संगीत, वाचन, मनःशांती या सर्वांची तयारी होते. प्रत्यक्ष प्रसूतीच्या बारा-पंधरा तासांत काय घडते, कोणत्या टप्प्यावर कोणते पर्याय असतात, याविषयी मात्र या सर्व खटाटोपात फार थोडे सांगितले जाते.

त्यातच आपल्याकडील एका जुन्या रीतीचा नवा परिणाम दिसतो. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या प्रथेमुळे डोहाळेजेवण आटोपले की सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते. म्हणजे सात महिने जिने तपासले ती डॉक्टर एका शहरात आणि प्रसूती करणारी डॉक्टर दुसऱ्या शहरात. नव्या डॉक्टरांना रुग्ण नवी, रुग्णाला डॉक्टर नव्या. विश्वासाचे नाते जुळण्यास दोन-तीन भेटीही पुरत नाहीत. आईच्या हातचे खाणे आणि मायेचा विसावा यांचे महत्त्व नाकारता येणार नाही. पण निर्णयाच्या दृष्टीने स्त्री सर्वांत एकटी पडते ती याच काळात. तिच्या वतीने बोलणारे मग अनेक होतात. आई, सासू, फोनवरून पती आणि कधी पंचांगही. मुहूर्त पाहून सिझेरियनची वेळ मागणारी कुटुंबे प्रसूतितज्ज्ञांना नवी नाहीत. अयोध्येतील प्राणप्रतिष्ठेच्या दिवशी, २२ जानेवारी २०२४ रोजी, प्रसूती व्हावी अशा विनंत्या कानपूरसारख्या शहरांतील रुग्णालयांकडे आल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. अशा वेळी डॉक्टरला दोष देऊन भागत नाही.

डॉक्टरांची बाजूही समजून घ्यावी लागेल. महाराष्ट्रातील खासगी प्रसूतिसेवेचा मोठा भार एक-दोन डॉक्टरांच्या छोट्या नर्सिंग होमवर आहे. भूलतज्ज्ञ बाहेरून बोलवावा लागतो, प्रशिक्षित परिचारिका टिकत नाहीत, रात्री रक्त मिळेल याची खात्री नसते. नैसर्गिक प्रसूतीसाठी अठरा तास थांबणारी डॉक्टर दुसऱ्या दिवशीचा बाह्यरुग्ण विभागही स्वतःच चालविते. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणल्यापासून ‘सिझेरियन का केले’ यापेक्षा ‘सिझेरियन वेळेवर का केले नाही’ या प्रश्नाची धास्ती डॉक्टरांना अधिक वाटते. ठरलेल्या वेळी पाऊण तासात संपणारी आणि अधिक शुल्क देणारी शस्त्रक्रिया अशा व्यवस्थेत सोयीची ठरली नाही तरच नवल. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील संशोधकांनी चौथ्या सर्वेक्षणाच्या आधारे केलेल्या अभ्यासात खासगी रुग्णालय निवडणाऱ्या स्त्रीच्या अनियोजित सिझेरियनची शक्यता १३.५ ते १४ टक्क्यांच्या अंकांनी वाढत असल्याचे आढळले होते.

‘नैसर्गिक’ म्हणजे काय?

नैसर्गिक बाळंतपण ही शब्दयोजना ब्रिटिश डॉक्टर ग्रँटली डिक-रीड यांनी १९३३ मध्ये रूढ केली. भीतीमुळे शरीर आवळते, त्यामुळे वेदना वाढतात आणि वेदनांमुळे पुन्हा भीती वाढते, असे चक्र त्यांनी मांडले. पुढे पॅरिसच्या फर्नांड लामाझ यांनी १९५० च्या दशकात श्वसनाचे तंत्र लोकप्रिय केले. आपल्याकडील सुईणींना हे पुस्तकाविना ठाऊक होते. बाळंतिणीला हिंडती-फिरती ठेवायचे, उकिडवे बसवायचे, कंबर चोळायची आणि धीर द्यायचा, ही त्यांची रीत. (जंतुसंसर्ग त्यांना ठाऊक नव्हता, हेही तितकेच खरे.) रुग्णालये आली तशी खाट आली आणि बाळंतीण उताणी झाली.

विशेष म्हणजे आधुनिक शास्त्र आता त्यातील बऱ्याच गोष्टींकडे परतले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींनुसार प्रसूतीचा सक्रिय टप्पा गर्भाशयमुख पाच सेंटिमीटर उघडल्यावर सुरू झाला असे मानावे आणि पहिलटकरणीत तो बारा तासांपर्यंत चालू शकतो. गर्भाशयमुख तासाला एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे, हा अनेक दशकांचा दंडक सर्व स्त्रियांना लावणे योग्य नाही, असे त्यात नमूद आहे. सरसकट छेद घेण्याची पद्धत सोडावी, स्त्रीला चालू-फिरू द्यावे, तिच्या पसंतीची सोबत तिला असावी, असेही त्यात म्हटले आहे. या तांत्रिक तपशिलाचा व्यवहारातील अर्थ मोठा आहे. पहिल्या कळेबरोबर घाईने दाखल झालेली, दोनच सेंटिमीटरवर सलाइनमधून कळा वाढविण्याचे औषध सुरू केलेली आणि संध्याकाळी ‘प्रगती नाही’ म्हणून शस्त्रक्रियागृहात नेलेली स्त्री कदाचित प्रसूतीच्या सक्रिय टप्प्यात पोहोचलेलीच नसते.

‘बाळाच्या गळ्यात नाळेचा वेढा आहे’ हे वाक्यही असेच. सोनोग्राफीच्या अहवालात ते आले की घरात रडारड सुरू होते. वास्तविक सुमारे पाचांपैकी एका बाळाच्या मानेभोवती जन्मताना नाळ असते आणि त्यांतील बहुतेक बाळे सुखरूप नैसर्गिकरीत्या जन्मतात. केवळ या कारणासाठी सिझेरियन करण्याचे वैद्यकीय समर्थन नाही. याउलट वार गर्भाशयाच्या मुखावर असणे, बाळ आडवे असणे किंवा प्रसूतीच्या वेळी बाळाचे ठोके सातत्याने घसरणे ही कारणे खरी आहेत आणि तेथे विलंब घातक ठरतो. सर्वसामान्य कुटुंबाला या दोन प्रकारच्या कारणांतील फरक प्रसूतिकक्षाच्या दाराशी कळणे अशक्य आहे. तो आधी, सहाव्या-सातव्या महिन्यात, शांतपणे सांगितला जावयास हवा.

नैसर्गिकतेचा हट्टही पुराव्यापुढे टिकत नाही. अमेरिकेतील ४१ रुग्णालयांत झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कमी जोखमीच्या पहिलटकरणींना ३९ व्या आठवड्यात औषधाने कळा सुरू केल्यावर सिझेरियनचे प्रमाण १८.६ टक्के, तर वाट पाहिलेल्या गटात २२.२ टक्के आढळले. म्हणजे हस्तक्षेप केला की शस्त्रक्रिया ओढवतेच, हा समज सरसकट खरा नाही.

याबाबतीत ब्रिटनचा अनुभव डोळे उघडणारा आहे. तेथे सिझेरियनचे प्रमाण कमी असणे हे दीर्घकाळ चांगल्या रुग्णालयाचे लक्षण मानले गेले. श्रूजबरी व टेलफर्ड येथील रुग्णालयांची चौकशी करणाऱ्या डोना ऑकेंडन यांच्या समितीने मार्च २०२२ मध्ये दिलेल्या अहवालात, योग्य उपचार मिळाले असते तर २०१ बाळे व नऊ माता कदाचित वाचल्या असत्या, असा निष्कर्ष काढला. वेळेवर शस्त्रक्रिया टाळण्याची वृत्ती हे त्यामागील एक कारण होते. त्याच्या महिनाभर आधी, फेब्रुवारीत, तेथील आरोग्यसेवेने सिझेरियनच्या टक्केवारीवरून कामगिरी मोजू नये, अशा सूचना रुग्णालयांना दिल्या होत्या. आपल्याकडे टक्केवारीची मर्यादा घालून डॉक्टरांना शिस्त लावण्याची मागणी करणाऱ्यांनी हा अहवाल वाचावयास हवा.

सही आणि संमती

भारतीय कायदा या प्रश्नावर मुका नाही. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये संमतीचा अर्थ सांगितला. उपचाराचे स्वरूप, हेतू, लाभ, उपलब्ध पर्याय, मोठे धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम यांची पुरेशी माहिती दिल्यानंतर मिळालेली संमतीच खरी. या प्रकरणात रुग्ण भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढण्यात आले होते. सज्ञान व सक्षम स्त्रीच्या वतीने, तातडीचा प्राणघातक प्रसंग नसताना, अन्य कोणाची संमती चालत नाही, असे न्यायालयाने ठरविले. सतरा-अठरा वर्षांनंतरही प्रसूतिगृहांत अर्ज पुढे सरकविला जातो तो बहुधा पतीच्याच दिशेने. अनेकदा दाखल होतानाच कोऱ्या अर्जावर सही घेतली जाते. या सहीला कायद्याच्या लेखी संमती म्हणता येईल काय, ही शंकाच आहे.

पहिल्या सिझेरियनचा परिणाम पुढच्या बाळंतपणावर होतो, हेही त्या सहीच्या वेळी क्वचितच सांगितले जाते. सिझेरियननंतर योग्य निवड केलेल्या स्त्रियांपैकी ६० ते ८० टक्क्यांची पुढील प्रसूती नैसर्गिक होऊ शकते, असे अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांची संघटना सांगते. गर्भाशयाचा जुना व्रण उसवण्याचा धोका शेकडा एकाहून कमी असतो. परंतु तो उसवलाच तर काही मिनिटांत शस्त्रक्रिया करावी लागते आणि चोवीस तास भूलतज्ज्ञ नसलेल्या नर्सिंग होमला ही जोखीम पेलवत नाही. परिणामी दुसरे बाळंतपण आपोआप सिझेरियन ठरते. प्रत्येक शस्त्रक्रियेगणिक वार व्रणात रुतून बसण्याचा धोका मात्र वाढत जातो.

सिझेरियनची टक्केवारी रुग्णालयांनी जाहीर करावी, ही मागणी मुंबईतील एका महिलेच्या ऑनलाइन अर्जामुळे २०१७ मध्ये देशभर गाजली. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेतील रुग्णालयांना ती दर्शनी भागात लावण्यास तेव्हा सांगण्यात आले. पण नुसत्या टक्केवारीने दिशाभूलच अधिक होते. मोठ्या रुग्णालयात जोखमीच्या माता येतात, तेथे आकडा वाढणारच. यावर मायकेल रॉबसन यांनी २००१ मध्ये सुचविलेली दहा गटांची वर्गवारी हा उपाय उपलब्ध आहे. पहिलटकरीण, पूर्ण दिवसांची, बाळाचे डोके खाली आणि कळा आपणहून सुरू झालेल्या, अशा गटात एखाद्या रुग्णालयाचे सिझेरियन किती, हे कळले तर दोन रुग्णालयांची तुलना खऱ्या अर्थाने करता येईल. जागतिक आरोग्य संघटनेनेही हीच वर्गवारी स्वीकारली आहे. राज्याच्या नर्सिंग होम नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद व पंधरा प्रकारच्या सेवांचे दरपत्रक लावणे बंधनकारक झाले. त्या फलकावर या एका गटाचा आकडा टाकणे फार खर्चाचे काम नाही.

सोबतीचा प्रश्न तर त्याहूनही स्वस्त. प्रसूतीच्या वेळी अखंड सोबत मिळालेल्या स्त्रियांत सिझेरियन कमी होते व प्रसूती लवकर होते, असा निष्कर्ष १७ देशांतील १५ हजारांहून अधिक स्त्रियांवरील चाचण्यांच्या आढाव्यातून २०१७ मध्ये निघाला. केंद्राने त्यापूर्वीच, २०१६ मध्ये, सरकारी रुग्णालयांत एका स्त्री नातेवाइकाला सोबत थांबू देण्यास मान्यता दिली. पाच-सहा खाटा एकाच दालनात, मध्ये पडदाही नाही, अशा प्रसूतिकक्षांत ती मान्यता बहुतांशी कागदावर राहते.

तेलंगणाने २०१७ मध्ये हैदराबादच्या फर्नांडिस फाउंडेशन व युनिसेफच्या साह्याने परिचारिकांना दीड वर्षाचे प्रसविका प्रशिक्षण देण्यास प्रारंभ केला. केंद्राने २०१८ मध्ये त्याच धर्तीवर देशभरासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सुखरूप प्रसूती प्रसविकेने हाताळायची आणि डॉक्टरने गुंतागुंतीकडे लक्ष द्यायचे, ही त्यामागील विभागणी. खासगी नर्सिंग होमना अशी प्रसविका परवडेल काय आणि तिच्या हातून प्रसूती करून घेण्यास शहरी कुटुंबे तयार होतील काय, याची परीक्षा महाराष्ट्रात अद्याप व्हावयाची आहे.