नमुना नको, लेखणी हवी

दोस्तांनो, मी पेठचा. नाशिकहून गुजरातकडं जाणाऱ्या रस्त्यावरचा आदिवासी तालुका. कोकणा, वारली, महादेव कोळी माणसं इथं घरात आपापली बोली बोलतात. शाळेत पाय ठेवला की ऐकायचं, 'शुद्ध बोल!' तुमच्या वस्तीची भाषाही अशीच गावंढळ ठरवली गेली.

शुद्ध कुणी ठरवलं? ग्रिअर्सननं १९०५ साली मराठी बोलींचा खंड छापला. नमुने सरकारी अंमलदारांमार्फत जमवले. तोंड आपलं, लेखणी त्यांची.

म्हणून सांगतो, एम.ए.ला भाषाविज्ञान घ्या. पुण्याचं डेक्कन कॉलेज १८२१ साली पेशव्यांच्या दक्षिणेच्या पैशातून संस्कृत शिकवायला निघालं. आज तिथं भाषाविज्ञान शिकवतात. मुंबई विद्यापीठात, हैद्राबादला, जेएनयूतही शिकवतात. पण नुसत्या नावाला भुलू नका. आधी चार गोष्टी विचारा. विभाग पोरांना गावोगाव पाठवतो का? व्याकरण जिवंत बोलीवर शिकवतात की नुसतं पुस्तकावर? घरच्या बोलीवर प्रबंध करू देतात का? हॉस्टेल, शिष्यवृत्ती मिळते का?

च्यायला, लय दिवस आपण नुसता नमुना म्हणून बसलो. आता आपल्या आईच्या बोलीचं व्याकरण आपणच लिहायचं. अर्ज भरा.