यादीतल्या मुली

माझी भाची बेळगावात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. श्रावणात वहिनींना एक फोन आला. "जय जिनेंद्र वैनी, तुमच्या मुलीचं नाव यादीत बघितलं. उत्पन्न कमी दिसतंय तुमचं, पण चालतंय की, आम्हाला मुलगी शिकलेली पाहिजे." वहिनी गारच पडल्या. मुलीचं नाव त्यांनी कुठल्याही वधू-वर सूचीत दिलं नव्हतं. उत्पन्नाचा आकडा तर सख्ख्या दिरालाही ठाऊक नाही. तो एकाच कागदावर लिहिला होता, कॉलेजातल्या शिष्यवृत्तीच्या अर्जावर.

२०१४ साली केंद्र सरकारने जैनांना अल्पसंख्याक म्हणून जाहीर केले, तेव्हापासून आपली मुलं या अर्जांवर 'धर्म : जैन' लिहितात. कॉलेजच्या कार्यालयातल्या एका सद्गृहस्थांनी, आपल्याच समाजातल्या, तो रकाना लावून मुलींची यादी काढली आणि मेळाव्याच्या मंडळींना दिली. पैसे घेतले नाहीत. उलट पुण्यकर्म केल्याचा आनंद!

'आपलीच माणसं, आपल्याच मुली, बिघडलं काय?' असं मला चौघींनी तरी विचारलं. बिघडलं ते सांगते. न दिलेलं घेणं म्हणजे चोरी, हे पाठशाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पैशासाठी घेतलं तरच चोरी, असं कुठं शिकवलंय? 'पण अर्जावर सही आहे की,' एक भगिनी म्हणाल्या. आहे, शिष्यवृत्तीसाठी. शेजारणीकडं किल्ली ठेवतो ती झाडांना पाणी घालायला. तिनं कपाट उघडून पातळं मोजावीत म्हणून नव्हे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. ज्या कामासाठी संमती, त्याच कामासाठी माहिती, हा त्याचा गाभा.

आणि कॉलेजं तरी मागतात किती! आईचा मोबाइल, वडिलांचा धंदा, पोटजात, रक्तगट, हजेरीला अंगठा, शिवाय समुपदेशनाच्या कागदावर घरात भांडणं होतात का तेही. परिग्रह काय फक्त सोन्याचाच असतो? साठवलेल्याला कीड लागतेच.

हे आपल्याकडंच होतं असं नाही. अमेरिकेतल्या माउंट सेंट मेरीज विद्यापीठाने २०१५ साली नव्या विद्यार्थ्यांकडून एक प्रश्नावली भरून घेतली. स्वतःला ओळखायला उपयोग होईल, असं सांगून. अध्यक्षांचा बेत निराळाच होता. उत्तरांवरून डळमळीत मुलं हेरायची आणि पटसंख्या कळवायच्या तारखेआधी त्यांना वाटेला लावायचं, म्हणजे टिकणाऱ्यांचं प्रमाण चांगलं दिसेल. काही प्राध्यापक आडवे आले, विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राने ते छापलं आणि २०१६च्या फेब्रुवारीअखेर अध्यक्षांना पद सोडावं लागलं. मुलांनी भरवशानं मनातलं लिहिलं होतं हो!

आपल्याकडं कोण पद सोडणार? माझा भाऊ म्हणतो, स्थळ चालून आलंय तर बघून टाकू, शिक्षण काय नंतरही होतंय. भाची म्हणते, पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीचा अर्जच नको. म्हणजे फी कुठून भरायची?

कबूल करते, दोन वर्षांपूर्वी पुतण्यासाठी अशीच एक यादी मीही चष्मा लावून चाळली होती. कुठून आली, हे विचारलं नव्हतं. म्हणून आता आयांना सांगते, जूनमध्ये अर्ज भरताना खिडकीवर विचारा : हे कशाला हवं, कुणाकडं राहणार, काम झाल्यावर पुसणार कधी? उद्धट म्हणतील. म्हणू देत.

मंडळाच्या चिटणीसांना मी यादी फाडायला सांगितली. "फाडतो की अक्का," म्हणाले. पंधरा दिवसांनी त्यांच्याच घरून सूचीचा छापील अंक आला. अठ्ठाविसाव्या पानावर भाची आहे, वडिलांच्या उत्पन्नासकट.