लाल शाईचा शेरा

एचआरचा 'जरा येऊन भेटा' असा मेल आला की पोटात गोळा येतो ना? मग शाळेच्या डायरीतला लाल शाईचा शेरा आठवा. 'पाल्य वर्गात गप्पा मारतो. पालकांची सही आणावी.' छडीचे वळ संध्याकाळपर्यंत जायचे, पण त्या एका ओळीनं दप्तर दहा किलोचं व्हायचं. मग पप्पांचा मूड बघून, टीव्हीवर मॅच रंगात आली की डायरी हळूच पुढे सरकवायची!

पण या सगळ्या गमतीत एक गोष्ट गृहीत असते बॉस : घरी कुणाला तरी वाचता येतं.

आमच्या नंदुरबारला तेच गृहीत धरता येत नाही. १ जुलै १९९८ला धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर, आमची ६४च्या आसपास, राज्यात सगळ्यात कमी. शिवाय कित्येक घरांत बोलणं भिली, पावरी नाहीतर मावचीत, आणि शेरा मात्र शुद्ध मराठीत.

माझ्या बाकावरचा मित्र धडगावकडचा. त्याच्या डायरीतला शेरा घरी वाचणार कोण? तोच! म्हणजे आरोपीच निकाल वाचणार आणि भाषांतरही तोच करणार. 'अभ्यासात अजिबात लक्ष नाही'चं पावरीत काय झालं देव जाणे, पण वडिलांनी पाठीवर थाप मारून खाली अंगठा उठवला, असं तो खिदळत सांगायचा. पोरानं शाळेत अंगठे धरायचे आणि बापानं घरी अंगठा द्यायचा!

त्याला मिळालेला शेवटचा शेरा होता, 'सतत गैरहजर'. दिवाळीनंतर सातपुड्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, पोरंही सोबत. याच्याही घराला कुलूप होतं. बेशिस्त कसली, पोटाचा प्रश्न होता तो. तो बाकावर परत आलाच नाही.

१ एप्रिल २०१०ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याच्या कलम १७नं शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घातली. छडी गेली, निदान कागदावर तरी. शेरा मात्र टिकला. आता तो व्हॉट्सअॅपवर येतो, पण ज्याला डायरी वाचता येत नव्हती त्याला मोबाइलवरची अक्षरं कशी वाचता येणार? त्यापेक्षा सरळ फोन लावावा, त्यांची भाषा बोलणाऱ्या कुणाला तरी सोबत घ्यावं. आणि तक्रार सांगण्याआधी एकच विचारावं : पोरगं आहे कुठे?