आरसीवर न दिसणारी गाडी

मारुती जिप्सी, काँटेसा, पहिल्या पिढीची होंडा सिटी व्हीटेक, फियाट पालिओ १.६, महिंद्राची एमएम ५४० जीप. या गाड्या बनायच्या बंद होऊन वर्षे लोटली, तरी त्यातली एखादी बऱ्या अवस्थेत विकायला निघाली की पुण्या-मुंबईत हौशी गिऱ्हाइकांचे फोन सुरू होतात. विकणारा आधी केलेल्या कामांची यादी वाचतो: इंजिन बोअर केलेले, मॅगव्हील, रुंद टायर, मागे डिस्क ब्रेक, सस्पेन्शन नवे. भाव या यादीवर चढतो. मात्र आरसी उघडली तर यातल्या एकाही कामाचा उल्लेख नसतो. मोटारीत फेरफार करण्यावरच्या जवळजवळ सरसकट बंदीने फेरफार थांबलेले नाहीत, ते फक्त कागदावरून नाहीसे झाले आहेत, आणि त्याचा भुर्दंड पुढचा मालक व रस्त्यावरचा तिऱ्हाईत भरतो, असे माझे म्हणणे आहे.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा सौम्य अर्थ फेटाळून हीच भूमिका पक्की केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले: बेकायदा बदल केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. न्यायालयाच्या निकालामागचा विचार चुकीचा नव्हता. कंपनीची गाडी चाचणी देऊन रस्त्यावर येते, तिचे वजन, ब्रेक, स्टिअरिंग एकमेकांना धरून असतात, त्यातले एक ओढले की बाकीचे हलते. प्रश्न अंमलाचा आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी आणि मग दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. त्या पासिंगच्या आदल्या दिवशी गॅरेजात मूळ चाके आणि कंपनीचा सायलेन्सर परत चढतो, आणि शिक्का पडला की उतरतो. अधिकारी जी गाडी तपासतो ती रस्त्यावर धावतच नसते.

जिप्सीचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. १९८५ च्या जिप्सीला ९७० सीसीचे, जेमतेम ४५ अश्वशक्तीचे इंजिन होते. घाटात ती दमते म्हणून अनेकांनी तिला एस्टीमचे १२९८ सीसीचे इंजिन बसवले. हा वेडेपणा म्हणता येणार नाही, कारण पुढे ‘जिप्सी किंग’ काढताना खुद्द मारुतीनेही १.३ लिटरचेच इंजिन दिले. पण आता ही गाडी विकत घेणाऱ्याच्या बाजूने बघा. चासीवर ठोकलेला नंबर आरसीशी जुळतो, इंजिनावरचा जुळत नाही. नाक्यावर पोलिसांनी बॉनेट उघडायला सांगितले तर गाडी चोरीची नाही हे पटवून देण्याची वेळ नव्या मालकावर येते. अपघात झाला तर न कळवलेल्या बदलाकडे बोट दाखवून विमा कंपनी मालकाच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते. आणि या कटकटीतून सुटायला जुना नंबर घासून नवा ठोकण्याची वाट काही जण धरतात, हा सरळ गुन्हा आहे. परवानगी घेऊन इंजिन बदलण्याची सोय कायद्यात आहे, पण ती मुख्यतः निकामी इंजिनाच्या जागी तसलेच इंजिन घालणाऱ्याच्या कामाची. ताकद वाढवणाऱ्याला ती दारातूनच परत पाठवते.

गंमत म्हणजे याच कलम ५२ ने फेरफाराची एक प्रामाणिक वाट आधीच आखून दिली आहे. सीएनजी किट बघा. किट मान्यताप्राप्त हवे, बसवणारे केंद्र अधिकृत हवे, मग आरटीओची तपासणी आणि आरसीवर इंधनाच्या रकान्यात नोंद. डिकीत २०० बार दाबाचा सिलिंडर ठेवून लाखो कुटुंबे फिरतात ती या व्यवस्थेच्या भरवशावर. जुन्या गाडीला विजेची मोटर बसवायची असली तरी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने तपासलेले किट वापरून ती रीतसर बसवता येते. म्हणजे इंजिन आणि टाकी काढून बॅटरी ठेवणे चालते, पण ड्रमच्या जागी डिस्क ब्रेक लावणाऱ्याला कोणत्या खिडकीवर जायचे ते कोणी सांगत नाही. जर्मनीत सुट्या भागाला आधी मान्यता असते, बसवल्यावर टीयूव्हीसारखी संस्था तो तपासते आणि जिथे गरज असेल तिथे बदल गाडीच्या कागदात चढतो. विकत घेणारा कागद वाचतो आणि काय घेतोय ते त्याला कळते. आपल्याकडे त्याला विकणाऱ्याच्या तोंडावर विश्वास ठेवावा लागतो.

वयाच्या बाबतीतही मधली जागा रिकामी आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांवरील मूळ रूपातल्या गाड्यांना ‘व्हीए’ अशी वेगळी नोंदणी दिली. ती प्रदर्शन, रॅली, संशोधन, देखभाल यांच्यापुरती, रोजच्या वापराला नाही. पहिली जिप्सी त्या दर्जाला २०३५ मध्ये पोचेल. जर्मनी ३० वर्षे पुरेशी मानते. तोवर आपल्या गाडीच्या वाट्याला येते ती फक्त वाढती फी: नूतनीकरणाचे ६०० रुपये एप्रिल २०२२ पासून ५ हजार झाले, आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारीला १० हजार. महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळाच. पैसे घ्यायला हरकत नाही, त्या पैशांत खरी तपासणी मिळावी.

बदल तपासून आरसीवर नोंदवू द्यावेत, या मागणीवर पहिला आक्षेप प्रदूषणाचा, आणि तो खरा आहे. पद्मिनीच्या कार्ब्युरेटरला आजच्या गाडीशी बरोबरी करता येत नाही. हौशी गाडी वर्षाला थोडीच धावते हे उत्तर मला अपुरे वाटते, थोडा धूरही धूरच. पण आजचा नियम त्या पद्मिनीला फ्युएल इंजेक्शन बसवून धूर कमी करणाऱ्यालाही नोंदीची सरळ वाट देत नाही आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणाऱ्याला पासिंगच्या दिवसाखेरीज पकडत नाही. दुसरा आक्षेप, हे श्रीमंतांचे खेळ. झेन किंवा पालिओ घेणाऱ्याला श्रीमंत म्हणणे धाडसाचे आहे. नाना पेठेतल्या आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या सुट्या भागांच्या दुकानांतली गर्दी पाहिली की या हौसेवर किती कारागिरांची चूल पेटते ते दिसते. (कानठळ्या बसवणारे सायलेन्सर, काचांवरची काळी फिल्म, पुढचे बुलबार यांची वकिली मी करत नाही. ते बंदच असावेत.)

सर्वांत जड आक्षेप वेगळाच आहे: आरटीओत बदलांच्या तपासणीचा आणखी एक दाखला म्हणजे आणखी एक टेबल आणि आणखी एक एजंट. म्हणूनच तपासणी माणसाच्या नजरेवर सोडू नये. ब्रेकचा जोर, चाकांची रेषा, धूर, आवाज हे सारे यंत्रावर मोजता येते आणि स्वयंचलित तपासणी केंद्रे देशात उभी राहत आहेत. मोजमापे आणि गाडीखालून काढलेले फोटो वाहन पोर्टलवर चढले, दाखला देणाऱ्या अभियंत्याचे नाव त्याखाली राहिले आणि अपघातानंतर त्याला जाब विचारता आला, तर खोट्या सहीची किंमत वाढेल.

सुरुवात विक्रीच्या कागदापासून करता येईल. मालकी बदलताना फॉर्म २९ आणि ३० भरले जातात, त्यांना केलेल्या बदलांचे एक सक्तीचे पान जोडावे. विकणारा ते भरेल का? आधी एक वर्षाची मुदत द्यावी, त्यात जाहीर केलेल्या बदलाला दंड नसावा, तपासणीत नापास झालेला भाग मात्र काढावाच लागेल. विकणाऱ्याचाही यात स्वार्थ आहे. नाव बदलले नसेल तर अपघाताच्या भरपाईला नोंदणीकृत मालकच जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे. पान भरल्याशिवाय हस्तांतराचा अर्ज पुढे सरकणार नाही आणि गाडी आपल्याच नावावर राहील, हे कळल्यावर काय बसवले ते लिहून देणे त्यालाही परवडेल.