पाहुण्या चित्रपटकर्मींसाठी पणजीची घरं उघडू या

मा. पदाधिकारी,
एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा, पणजी



२००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे इफ्फी, पणजीत भरतो आहे. तो उभा करताना आपली माणसं रात्रीचा दिवस करतात, हे आम्ही पणजीकर दरवर्षी पाहतो आणि त्याबद्दल मनात आदर आहे. आज एक मागणी करते आहे. महोत्सवाला पदरमोड करून येणाऱ्या स्वतंत्र चित्रपटकर्मींना पणजी, ताळगाव, रायबंदर, पर्वरी इथल्या घरांत उतरवण्याची योजना सोसायटीने हाती घ्यावी.

निवड झालेल्या चित्रपटाच्या दिग्दर्शकाची सोय सहसा महोत्सव करतो. प्रश्न बाकीच्यांचा आहे. त्याच चित्रपटाचा संकलक, ध्वनिमुद्रक, छायालेखक स्वतःच्या खर्चाने येतात. इफ्फीसोबतच भरणाऱ्या फिल्म बाजारात अर्धामुर्धा चित्रपट घेऊन आलेल्यांची तर गणतीच नको. नोव्हेंबर हा गोव्याचा ऐन हंगाम, खोल्यांचे दर चढलेले. २०२४ साली जुन्या गोव्यातला संताच्या शवप्रदर्शनाचा, भाविकांची गर्दी खेचणारा सोहळाही २१ नोव्हेंबरला, म्हणजे इफ्फी सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, सुरू झाला होता. अशा वेळी ज्याच्या खिशात दोन रात्रींचे पैसे, तो दोनच रात्री राहतो. बाजारात पहिल्या दिवशी नुसती ओळख होते, मग कोणीतरी सवडीने चित्रपट बघतो आणि ‘उद्या बसू या का?’ हा निरोप येईपर्यंत तिसरा-चौथा दिवस उजाडतो. तोवर आपला माणूस मडगावहून गाडीत बसलेला असतो. वर्षानुवर्षांच्या मेहनतीचा निकाल खोलीच्या भाड्यावर लागावा, हे मला पटत नाही. अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ याच बाजारात कच्च्या रूपात येऊन गेला आणि २०१४ साली बर्लिनमध्ये बालपरीक्षकांचा क्रिस्टल बेअर मिळवून आला. तिथे भेटणाऱ्या माणसांचं मोल एवढं असतं.

मैत्रिणीच्या ओळखीने एका इफ्फीच्या वेळी आसामची एक तरुण दिग्दर्शिका आमच्याकडे राहिली होती. चित्रपटाच्या दोन हार्ड डिस्क तिने आणल्या होत्या. एक कायम तिच्या खांद्यावरच्या झोळीत, दुसरी माझ्या कपाटात साड्यांच्या घडीखाली. एक बिघडली तर दुसरी हवी म्हणून. सकाळी पाव विकणाऱ्या पदेराचा भोंगा वाजला की ती उठायची आणि गरम उंडे चहात बुडवून खाता खाता लॅपटॉपवर उपशीर्षकं तपासायची. सासूबाईंनी एकदा चित्रपट बघायला मागितला. भाषा कळेना, तेव्हा ती जागोजागी थांबवून हिंदीत सांगत होती. भातकापणीचं दृश्य आलं आणि सासूबाई म्हणाल्या, “विळा आमच्यासारखाच धरतात गो!” मग चित्रपट राहिला बाजूला. इथे कापणी कधी, पेंढ्या कशा बांधतात, बाया तेव्हा काय गातात, हे ती विचारत बसली आणि सासूबाई सांगत बसल्या. मोठमोठ्या चर्चासत्रांना मी गेले आहे, पण प्रेक्षक आणि चित्रपटकर्त्यामध्ये इतकं मोकळं बोलणं तिथे कधी ऐकलं नाही.

पाहुण्याला असं घरचं करून घेण्याची रीत गोव्याला नवी नाही. आपल्या देवळांना भाविकांच्या उतरण्यासाठी अग्रशाळा आहेतच. माझ्या माहेरी, फोंडा तालुक्यात, जत्रेच्या नाटकाला बाहेरून आलेल्या नटांची जेवणं वाड्यावरची घरं आपापसांत वाटून घेत. कोणाकडे कोण जेवला हे लोक पुढच्या जत्रेपर्यंत सांगत. इफ्फीचे पाहुणे मात्र आम्हाला गळ्यातल्या कार्डापुरतेच दिसतात.

हे नुसत्या हौसेने जमणार नाही, म्हणून सोसायटी हवी. पाहुण्याकडून पैसे घेतले की तो होमस्टे झाला आणि पर्यटन खात्याची नोंदणी आली. तेव्हा ही राहण्याची सोय पूर्ण विनामूल्य असावी. इच्छुक घरांची यादी आपण ऑगस्टपासून करावी, आपल्या माणसाने घर बघून यावं आणि दोन्ही बाजूंची पोलीस पडताळणी व्हावी. एकटी स्त्री येणार असेल तर ज्या घरात बायका आहेत तेच घर द्यावं. याबाबत तडजोड नको. कुत्रा आहे का, जिना चढवेल का, मासळी चालते का, हे आधीच विचारलेलं बरं. परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांत त्याची नोंद करावी लागते आणि त्या कागदपत्रांच्या धास्तीनेच चांगली घरं मागे सरतात. जुन्या जीएमसी इमारतीत त्यासाठी एक टेबल आणि एक जाणकार माणूस दिलात, तर ती धास्ती उरणार नाही. शेवटचा खेळ सुटल्यावर पर्वरी-रायबंदरकडे जाणारी एक मिनीबसही लागेल, कारण त्या वेळी बस मिळत नाही आणि टॅक्सीचं भाडं या पाहुण्यांना झेपत नाही.

यजमानांना मोबदला नको. पाहुण्यांचे चित्रपट मात्र बघायला मिळावेत. बाजारातल्या व्ह्यूइंग रूममधले चित्रपट खरेदीदार आणि महोत्सवांची माणसंच बघू शकतात. ज्यांची तयारी असेल त्यांचा एक खेळ मॅकिनेझ पॅलेसमध्ये यजमान घरांसाठी ठेवावा. त्या घरांतली कॉलेजची मुलंही येतील. गोव्याच्याच लक्ष्मीकांत शेटगावकर यांच्या ‘पल्तडचो मनीस’ला २००९ साली टोरांटोत समीक्षकांचा फिप्रेस्की पुरस्कार मिळाला. तशी वाट धरू पाहणारी मुलं आजही गोव्यात आहेत. कमी पैशांत चित्रपट पुरा करणाऱ्या माणसाशी आठवडाभर एकाच पंक्तीला बसणं, हे शिक्षण त्यांना विकत मिळणार नाही.

पहिल्या वर्षी पंचवीस घरं पुरेत. पंचवीसमधली सहा घरं, शेजारपाजाऱ्यांना विचारून, मी आजच नक्की केली आहेत. आमची खोली पहिल्या मजल्यावर आहे, जिना अरुंद आहे, सोमवारी मासळी नसते आणि २० ते २८ नोव्हेंबर ती रिकामी ठेवणार आहोत. भेटीची वेळ कळवावी, सहाही घरांतली माणसं घेऊन येते.

आपली,
मळा, पणजी येथील एक रहिवासी