बॅटरी दोषी की एखादे अ‍ॅप?

सकाळी पूर्ण चार्ज केलेला मोबाईल दुपारीच मान टाकू लागला, की नवी बॅटरी घेण्याची, नाहीतर नवा फोनच घेण्याची भाषा घरात सुरू होते. पण घाई करू नका. कित्येकदा बॅटरी निर्दोष असते आणि खरा दोषी असतो फोनमधले एखादेच अ‍ॅप. ते वापरत नसतानाही आतल्या आत काम करत राहते.

असा दोष नामांकित अ‍ॅपमध्येही निघू शकतो. २०१५ मध्ये आयफोनवरील फेसबुक अ‍ॅप बॅटरी फार खाते, अशी ओरड झाली. तेव्हा कंपनीनेच चूक मान्य केली. व्हिडिओ पाहून अ‍ॅपमधून बाहेर पडल्यावरही त्यातला आवाजाचा भाग निःशब्दपणे चालूच राहत होता. सुधारित आवृत्ती देऊन हा दोष काढला गेला.

दोषी कसा ओळखावा? सेटिंग्जमध्ये जाऊन ‘बॅटरी’ उघडा. कोणत्या अ‍ॅपने किती वाटा खर्च केला, ते तिथे दिसते. दोन तास चित्रपट पाहिला असेल, तर ते अ‍ॅप वर असणारच. मात्र दिवसभरात जेमतेम उघडलेले अ‍ॅप यादीत वर दिसले, तर समजा की पाणी तिथेच मुरते आहे.

आता उपाय क्रमाने करा. प्रथम ते अ‍ॅप अपडेट करा आणि फोन बंद करून पुन्हा सुरू करा. फरक पडला नाही, तर अँड्रॉइड फोनवर त्या अ‍ॅपच्या बॅटरी पर्यायात ‘रिस्ट्रिक्टेड’ निवडा; आयफोनवर त्याचे ‘बॅकग्राउंड अ‍ॅप रिफ्रेश’ बंद करा. लोकेशनची परवानगी फक्त वापरताना द्या. मात्र निरोपांच्या किंवा औषधाची वेळ सांगणाऱ्या अ‍ॅपवर असे बंधन घालू नका. सूचना उशिरा येतील, आणि आजींची गोळी चुकणे बॅटरी संपण्यापेक्षा महाग पडेल.

शेवटचा उपाय म्हणजे अ‍ॅप काढून पुन्हा घेणे. व्हॉट्सअ‍ॅपच्या बाबतीत मात्र आधी बॅकअप घ्या, नाहीतर वर्षांनुवर्षांची संभाषणे गमवाल.

सगळी अ‍ॅप सारखी सरकवून बंद करण्याची सवय अनेकांना असते. तिचा उपयोग नाही; ती पुन्हा उघडताना उलट जास्त वीज लागते. ‘बॅटरी वाचवा’ म्हणणारी नवी अ‍ॅपही घेऊ नका. हे काम फोन स्वतःच करतो.

इतके करूनही चार्ज टिकत नसेल, तर बॅटरी जुनी झाली असे समजून ती अधिकृत केंद्रात तपासून घ्या. आणि फोनची पाठ फुगलेली दिसली, तर कोणताही प्रयोग नको. चार्जिंग ताबडतोब थांबवा, फोन दाबू किंवा उघडू नका. तिथे प्रश्न पैशांचा नसून घरच्यांच्या सुरक्षिततेचा आहे.