इंग्रजी शब्दांचें कुलगोत्र

इंग्रजी स्पेलिंगाइतका मुलांचा छळ दुसऱ्या कोणत्याही विषयानें केला नसेल. 'फिलॉसफी'ंत एफ कां नाहीं, 'केमिस्ट्री'चा आरंभ के या अक्षरानें कां होत नाहीं, 'सायकॉलॉजी'च्या दारांत मुका पी कशाला उभा आहे, असें मूल विचारतें. आणि घरांतील वडील माणसें 'तें तसेंच आहे, पाठ कर' असें सांगून मोकळीं होतात. वर्गांत उभे राहून आयुष्य घालविल्यावर आमचा अनुभव असा आहे कीं, या उत्तरानें मुलाची जिज्ञासा मात्र मरते. स्पेलिंग कांहीं येत नाहीं.

वस्तुतः ज्या घरांत थोडेंबहुत संस्कृत आहे तेथें या प्रश्नांचें उत्तर दुरून आणावयास नको. प्राचीन ग्रीक भाषेंत ख, थ, फ हे आपल्यासारखेच महाप्राण वर्ण होते व त्यांस स्वतंत्र अक्षरें होतीं. रोमन लिपींत तीं नव्हतीं. म्हणून रोमन लोकांनीं अल्पप्राणापुढें एच जोडून सी-एच, टी-एच, पी-एच अशा जोड्या केल्या. पुढें उच्चार बदलले, लेखन राहिलें. 'प्स' हें तर ग्रीकांचें एकच अक्षर, आपल्या क्षसारखें. इंग्रजांच्या जिभेस तें शब्दारंभीं पेलेना, म्हणून पी मुका झाला. तेव्हां पी-एच मिळून एफचा उच्चार होत असेल, किंवा सी-एचचा क होत असेल, तर तो शब्द बहुधा ग्रीक घरचा समजावा. 'स्कूल' हाही त्यांतलाच. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ फुरसतीचा वेळ! हा अर्थ आम्ही विद्यार्थ्यांस मुद्दामच फार उशिरां सांगत असूं.

इंग्रजीचा पिंड जर्मन शाखेचा. आग, पाणी, आई, बाप, हात, पाय यांचे शब्द तिच्या घरचे आहेत. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच शब्द दरबारांत आले. लॅटिन मठांतून व विद्यापीठांतून होतीच. पुढें विज्ञान वाढूं लागलें तसे नव्या वस्तूंचें बारसें करण्यास विद्वान् लोक ग्रीककडे धांव घेऊं लागले. आपणही 'दूरध्वनि' हा शब्द पाडला तो संस्कृताच्या टांकसाळींत. आणि 'टेलिफोन'चे दोन अवयव तरी दूर व ध्वनि हेच आहेत.

अशा एका बारशाची हकीकत सांगण्यासारखी आहे. मायकेल फॅरेडे हा लोहाराचा मुलगा. पुस्तकें बांधणाऱ्याकडे उमेदवारी करतां करतां तींच पुस्तकें वाचून तो शहाणा झाला. विजेच्या त्याच्या शोधांनीं जग पालटलें, परंतु ग्रीक त्यास येत नव्हतें. द्रावणांतून वीज नेतांना जीं दोन टोकें लागतात त्यांस नांवें हवीं झालीं, तेव्हां १८३४ सालीं त्यानें केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल या पंडितास लिहिलें. ह्यूएलनें 'ॲनोड' म्हणजे वरची वाट, 'कॅथोड' म्हणजे खालची वाट, आणि त्या वाटांनीं जाणारा तो 'आयन', असे शब्द पाठविले. या 'आयन'चा ग्रीक धातु आपल्या 'इ' धातूचा सहोदर आहे. ज्या मुलानें 'एति, इतः, यन्ति' म्हटलें आहे त्यास हा शब्द परका वाटूं नये.

मात्र परका वाटूं नये म्हणजे आमच्याकडून गेला, असें नव्हे. इंग्रजी हें सारें संस्कृताचेंच लेंकरूं, असे निरोप आजकाल मोबाइलवरून फिरतात, व चांगलीं शिकलेलीं माणसेंही ते पुढें धाडतात. विल्यम जोन्सनें १७८६ सालीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढें जें सांगितलें तें निराळें होतें. संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचें साम्य इतकें आहे कीं त्या एकाच मुळापासून निघाल्या असाव्यात, आणि तें मूळ कदाचित् आज उरलेंही नसेल, असें त्याचें म्हणणें. म्हणजे या बहिणी झाल्या, आई वेगळी. यानें संस्कृताची प्रतिष्ठा उणी होते असें ज्यांस वाटतें त्यांनीं एकदां पाणिनि उघडून पाहावा.

पाय हाच शब्द घ्या. संस्कृत 'पाद', लॅटिन 'पेद्', ग्रीक 'पोद्', आणि इंग्रजांच्या घरचा 'फूट'. पुढें इंग्रजीनें लॅटिन कुळांतून 'पेडल' व 'पेडेस्ट्रियन' घेतले, ग्रीक कुळांतून 'ट्रायपॉड'. हजारों वर्षांमागें दुरावलेलीं भावंडें वेगवेगळ्या दारांनीं एकाच घरांत येऊन उतरलीं! 'ट्रायपॉड' म्हणजे अक्षरशः त्रिपाद. आपल्या दिवाणखान्यांतला 'टीपॉय' तरी दुसरा कोण? हिंदुस्थानी 'तिपाई' साहेबांनीं उचलली, चहाच्या ओढीनें तिचें 'टीपॉय' केलें, आणि आपण ती त्या नांवानें परत घरांत घेतली. पाय चार असले तरी नांव तिहींचेंच.

नातें खरें कीं खोटें हें नुसत्या कानावरून ठरत नाहीं; त्यास नियम लागतो. परीकथा जमविणाऱ्या ग्रिम बंधूंपैकीं थोरला जेकब यानें १८२२ सालीं तो मांडला. संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांतील प इंग्रजीच्या घरगुती शब्दांत एफ होऊन येतो, व द हा ट होऊन येतो. पितृ व फादर, पाद व फूट, दश व टेन, द्वि व टू. ही कसोटी लाविली कीं 'डे' आणि आपला 'दिवस' यांची सोयरीक तत्काळ मोडते, कारण तेथें ट यावयास हवा होता. 'देव' शब्दाचे आप्त पाहूं गेल्यास लॅटिन 'देउस' हा सख्खा. ग्रीक 'थिऑस' दिसावयास तसाच, पण या कुळांतला नव्हे. आणि जुन्या इंग्रजांचा 'टीव' नांवाचा जो देव, ज्याच्या नांवानें 'ट्यूसडे' चालतो, तो मात्र याच कुळांतला! शब्दाच्या मुळाशीं जाऊन पाहिलें तर आपला मंगळवार त्यांच्या घरीं देववार आहे.

खोट्या नात्यांनीं खुद्द इंग्रज पंडितही फसले आहेत. 'आयलंड' हा शुद्ध घरचा शब्द, त्यांत एस मुळींच नव्हता. लॅटिन कुळांतल्या 'आइल'शीं त्याचा संबंध आहे अशा समजुतीनें तो मागाहून घुसडला गेला, आणि मुलें तो आजतागायत पाठ करीत आहेत.

ज्या घरांत वैद्यकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी चालू असेल तेथें आणखी एक गोष्ट सांगून ठेवितों. 'पेड' दिसला कीं पाय, असें धरून चालूं नये. 'पीडियाट्रिक'मधला अवयव ग्रीक असून त्याचा अर्थ मूल. ब्रिटिश स्पेलिंगांतल्या ए-ई या जोडीवरून तो ओळखतां येतो. अस्थिवैद्याच्या पाटीवरचा 'ऑर्थोपेडिक' हाही त्याच घरचा. निकोला आंद्री या फ्रेंच वैद्यानें १७४१ सालीं मुलांच्या शरीराचीं व्यंगें कशीं टाळावीं व कशीं सुधारावीं यावर ग्रंथ लिहिला, आणि 'सरळ' व 'मूल' या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून त्यास हें नांव दिलें. आज त्या पाटीखालच्या बांकावर मुलांपेक्षां गुडघे धरून बसलेलीं आमच्या वयाचीं माणसेंच अधिक दिसतात.